अर्ध्या तासाचा विसावा

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत व्यायामावर चार शब्द लिहावेत, असा आग्रह चिटणीसबाईंनी माझ्यापाशी धरला. मी सातवीपर्यंत शिकलेली. माझी वही म्हणजे वाणसामानाची. "अहो, मला काय लिहिता येणार?" असे मी म्हटले. पण आपल्या सकाळच्या नमस्कारांच्या वर्गासाठी दोन वर्षे मी जी पुस्तके चाळली, ज्यांना विचारले, त्यातले जे मनात राहिले ते तरी लिही, असे त्या म्हणाल्या. म्हणून हे धाडस. गोड मानून घ्यावे.

आधी हे सांगते की या विषयाकडे मी का वळले. शाळेत असताना लंगडी आणि खो-खो यांत माझा हात धरणारे कोणी नव्हते. सातवीनंतर शाळा सुटली आणि शाळेबरोबर खेळही सुटला. पुढे संसार. चाळिशी उलटली तेव्हा दोन जिने चढले की उंबऱ्यावर बसून दम घ्यावा लागे. डॉक्टर म्हणाले, "व्यायाम करा." मला रागच आला. मी म्हटले, "पहाटेपासून रात्रीपर्यंत राबतेच की! आणखी व्यायाम तो कसला?" ते हसून म्हणाले, "राबणे वेगळे आणि व्यायाम वेगळा." ते शब्द मनात टोचत राहिले. त्या दोहोंत फरक काय, हे शोधता शोधता मी जुन्या गोष्टींपर्यंत पोहोचले. त्या गोष्टी आज सांगते.

आपल्याकडे व्यायामाचा विचार फार जुना आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात मल्लांनी खांबावर करावयाच्या कसरतीचाही उल्लेख आहे. म्हणजे आपला मल्लखांब निदान तितका तरी जुना. त्याहूनही जुने म्हणजे आपले वैद्यकाचे ग्रंथ. सुश्रुताने व्यायामाची एक मर्यादा सांगितली आहे, ती मला फार आवडली. तो म्हणतो, अंगात जेवढी शक्ती असेल तिच्या निम्म्यानेच व्यायाम करावा. आता निम्मी शक्ती मोजायची कशी? तर छातीतला श्वास तोंडावाटे येऊ लागला, की निम्मी शक्ती संपली असे समजावे आणि थांबावे. नाकाने श्वास चालतो आहे तोवर चालू द्यावे, तोंड उघडले की पुरे करावे. किती साधे माप! ना घड्याळ लागते, ना यंत्र. आजचे डॉक्टरही सांगतात की, चालताना बोलता आले पाहिजे, गाणे म्हणता येऊ नये, इतपत वेग पुरेसा आहे. बोली निराळी, पण मोजमाप श्वासाचेच.

वाग्भटाने त्यापुढची गोष्ट सांगितली. व्यायाम झाल्यावर सगळे अंग सोसेल तसे रगडून, चोळून घ्यावे. अतिव्यायामाने तहान, धाप, खोकला, शरीर झिजणे असे विकार होतात, हेही तो बजावतो. म्हणजे पाहा, श्वास, मेहनत आणि विसावा या तीन गोष्टी आपल्या पूर्वजांनी एकाच दावणीला बांधल्या होत्या. यातली एक सुटली की बाकीच्या दोन कामाच्या नाहीत.

हाच विचार पुढे आपल्या तालमींनी सांभाळला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला आणि १९१२ साली खासबागेचे मोठे मैदान उभे राहिले. तालमीतला दिनक्रम ऐकला तर थक्क व्हावे. पहाटे अंधारातच उठायचे. जोर आणि बैठका काढायच्या. मग हौदात उतरून लढत करायची. त्या हौदाची तांबडी माती नुसती माती नसते. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मऊ केलेली असते. मेहनत झाली की अंगावर मातीच चोळून घाम जिरवायचा. मग एकमेकांची मालीश, आंघोळ, बदाम वाटून केलेली थंडाई, दूध, जेवण आणि दुपारची गाढ झोप. संध्याकाळी पुन्हा मेहनत. वस्ताद जितके लक्ष जोर-बैठकांवर ठेवी, तितकेच पठ्ठ्याच्या झोपेवर आणि खुराकावर ठेवी. रात्री तमाशाला गेलेल्या पठ्ठ्याला दुसऱ्या दिवशी बोल खावे लागत ते काही उगाच नव्हे.

तालमीतला धोकाही लिहिला पाहिजे. कित्येक पैलवानांचे असे होते की वय झाल्यावर मेहनत सुटते, पण खुराक सुटत नाही. मग अंग सुटते आणि गुडघे, हृदय, साखर यांची दुखणी मागे लागतात. म्हणून तरुणपणी कमावलेली शक्ती ही काही जन्मभराची ठेव नव्हे. थोडी का होईना, रोज भर घालावी लागते.

आता आपल्या मनातला प्रश्न. या सगळ्यात बायका कुठे होत्या? तालमीच्या दारात तर बाईने पाऊलही टाकायचे नाही, अशी रीत. तरीही एक नाव सर्वांच्या तोंडी आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी बाळंभटदादा देवधर नावाचे मोठे व्यायामपटू होते. निजामाच्या राज्यातून आलेल्या दोन मल्लांनी पेशव्यांच्या दरबाराला आव्हान दिले, तेव्हा बाळंभटदादांनी वणीच्या सप्तशृंगीची उपासना केली आणि झाडावरच्या वानरांच्या उड्या पाहून त्यांना मल्लखांबाची युक्ती सुचली, अशी आख्यायिका सांगतात. मल्लखांबाचे पुनरुज्जीवन त्यांनी केले, हे मात्र सर्वमान्य आहे. ब्रह्मावर्ती पेशव्यांच्या वाड्यात वाढलेली मोरोपंत तांब्यांची मनू, म्हणजे पुढची झाशीची राणी लक्ष्मीबाई, हिलाही तिथेच व्यायामाची गोडी लागली.

हे नुसते ऐकीव नाही. आपल्या कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील, वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत गेले होते आणि झाशीत राहिले होते. त्यांनी आपला वृत्तांत लिहून ठेवला. तो 'माझा प्रवास' या नावाने १९०७ साली छापला गेला. राणी पहाटे उठून मल्लखांबाची कसरत करीत आणि मग घोड्यावर बसत, असे त्यांनी त्यात लिहिले आहे. भरपूर ऊन पाण्याने त्यांचे स्नान चाले, हेही ते सांगतात. मला इथे राणीची तलवार आठवत नाही, ते ऊन पाणी आठवते. मेहनतीनंतर अंगाला शेक हवा हे तिला ठाऊक होते, आणि तो मागायला तिला संकोच वाटत नव्हता. पण ती राणी होती. आपल्यासारख्यांचे काय?

आपल्यासारख्यांचा विचार करणारा एक राजा पुढे आपल्याच सातारा भागात झाला. औंधचे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ सालचा. ते चित्रकार होते, कीर्तनकार होते, आणि सूर्यनमस्कारांचे तर त्यांना वेडच होते. आधी त्यांनी सँडो या पाश्चात्त्य बलवानाच्या पद्धतीने, साधने आणून, कित्येक वर्षे व्यायाम केला. पुढे ती साधने मागे पडली आणि ते सूर्यनमस्काराकडे वळले. सूर्यनमस्काराला काय लागते? हात-पाय पसरता येतील एवढी जागा. गरिबालाही परवडेल असा हा व्यायाम. सूर्यनमस्कार त्यांनी काढले असे मात्र नव्हे. नमस्कार घालण्याची चाल आपल्याकडे आधीपासून होतीच. समर्थांच्या परंपरेत तिला मान होता. ती चाल नीट बसवून, पुस्तके लिहून, चित्रांसह घरोघर पोहोचवण्याचे श्रेय मात्र राजेसाहेबांचे. आज आपण बारा अंकांचा नमस्कार घालतो. औंधचा नमस्कार दहा अंकांचा होता.

त्यांच्या संस्थानात शाळांतून मुले आणि मुली दोघांनाही नमस्कार घालावे लागत. त्यांच्या राणीसाहेबही नमस्कार घालीत. बायकांनी व्यायाम केला तर अंग राठ होते, असे म्हणणाऱ्यांना याहून चांगले उत्तर कोणते? १९३६ साली राजेसाहेब इंग्लंडात गेले, तेव्हा लुईस मॉर्गन या बाई वार्ताहराने त्यांची मुलाखत घेऊन तिथल्या वर्तमानपत्रात नमस्कारांविषयी लिहिले. १९३८ साली लंडनहून त्यांचे इंग्रजी पुस्तकही निघाले. माणदेशाच्या कडेला वसलेल्या लहानशा औंधातला व्यायाम विलायतेच्या बायका शिकू लागल्या. राजेसाहेब १९५१ साली, ब्याऐंशीव्या वर्षी वारले.

नमस्कारात श्वासाची गाठ कशी घातली आहे तेही पाहा. अंग मागे उघडते तेव्हा श्वास आत, अंग घडी होते तेव्हा श्वास बाहेर. घाई केली की ही गाठ सुटते. आमच्या वर्गात पहिल्या महिन्यात सगळ्यांची चढाओढ आकड्यांची. कुणी पंचवीस, कुणी चाळीस. चौथ्या दिवशी निम्म्या जणींच्या कंबरा धरल्या. मग आम्ही सुश्रुताचे माप लावले. तोंड उघडले की थांबायचे. आकडा खाली आला आणि वर्ग टिकला.

श्वासाचा विचार निघाला की लोणावळ्याला जावेच लागते. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांचा जन्म १८८३ चा. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली ते तयार झाले. पुढे नर्मदेकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजींकडे योग शिकले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापले आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. त्यांचे वैशिष्ट्य हे की, ग्रंथात लिहिले आहे म्हणून खरे, असे ते मानीत नसत. क्ष-किरण लावून आणि दाब मोजण्याची उपकरणे घेऊन त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रिया तपासल्या. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात निर्वात स्थिती निर्माण होते, असे त्यांना दिसले. तिला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले.

प्राणायामाविषयी त्यांनी जे सांगितले ते तर आपण सर्वांनी ऐकण्यासारखे आहे. प्राणायामाने छातीत पुष्कळ प्राणवायू भरतो म्हणून तो चांगला, अशी आपली समजूत. त्यांनी मोजून पाहिले आणि ही समजूत बरोबर नाही, असे स्पष्ट लिहिले. प्राणायामाचे महत्त्व प्राणवायूच्या साठ्यात नाही. श्वासाला वळण लागते, पोटातल्या अवयवांना हलका दाब मिळतो आणि मज्जातंतू शांत होतात, यात ते आहे. आपल्याला प्रिय असलेली गोष्टही तपासून, जे निघेल ते सांगायचे, याला धैर्य लागते. आजचे अभ्यासकही सावकाश श्वासाने नाडी आणि मन निवते असे सांगतात. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यावा, आणि नवशिक्याने, तसेच रक्तदाब वा हृदयाचा विकार असणाऱ्याने, श्वास कोंडून धरण्याच्या भरीस पडू नये, एवढे आपल्याला पुरे. मुंबईतही १९१८ साली योगेंद्रजींनी योगाची संस्था काढली होती. त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी १९३४ साली खास स्त्रियांसाठी योगाचे पुस्तक लिहिले. बाईने बायकांसाठी लिहिलेले ते पुस्तक म्हणजे त्या काळात मोठीच गोष्ट.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसले ती सांगते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांचे नाव कोणाला माहीत नाही? १९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले आणि सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जायचे, पण पैसे नाहीत. गावकऱ्यांनी वर्गणी जमवली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. खाशाबा तिथे कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

पण त्या पदकामागे एक हळहळ आहे. जपानच्या इशी या मल्लाशी त्यांची कुस्ती बराच वेळ चालली. ती संपते न संपते तोच त्यांना रशियाच्या मल्लाशी लढायला बोलावले. दोन कुस्त्यांमध्ये निदान अर्धा तास विसावा मिळाला पाहिजे, असा नियम होता. परंतु तो नियम दाखवून देऊन भांडायला त्या क्षणी आपल्याकडचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, अशी हकीकत सांगतात. थकलेले खाशाबा तसेच उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण मिळाले, रशियाच्या मल्लाला रौप्य.

भगिनींनो, ही हकीकत वाचली आणि मी पुस्तक मिटून बसले. मेहनत कमी नव्हती, डाव कमी नव्हते, दमसासही होता. कमी पडला तो अर्ध्या तासाचा विसावा. तो हक्काचा होता. पण हक्क सांगणारे कोणी जवळ नव्हते.

आपल्या घरोघरच्या बायकांचे हेच नाही का? आमची आजी पहाटे जात्यावर बसे. जात्याला खुंटा ओढताना छाती, खांदे, पाठ सगळे कामाला लागते. ओवीच्या लयीत हात फिरतो आणि श्वासही त्याच लयीत चालतो. ओवी म्हणण्यासाठी श्वास सोडत राहावे लागते, म्हणून दम कोंडत नाही. पुण्यातील अभ्यासकांनी खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आहेत. श्रावणात मंगळागौर आली की झिम्मा, फुगडी, पिंगा. फुगडीत तोंडाने पकवा घातला की श्वास आपोआप तालात बाहेर पडतो. म्हणजे श्वास आणि मेहनत आपल्या आज्यांना कुणी शिकवावी लागली नाही. पण दळण झाले की पाणी, पाणी झाले की चूल, चूल झाली की शेत. अंग चोळून द्यायला कोण होते? दुपारी गाढ झोप कोणाच्या वाट्याला होती? मंगळागौरीचा खेळ तो वर्षातून एक रात्र, तोही लग्नानंतरची पहिली काही वर्षे. आजीची पाठ पन्नाशीतच वाकली होती. लोक म्हणत, "काम करून काटक झाली आहे." काटक नव्हे, झिजली होती.

आता डॉक्टरांच्या बोलण्याचा अर्थ मला लागला. राबण्यात श्वासाकडे लक्ष नसते, एकच अंग पुन्हा पुन्हा झिजते आणि विसावा नसतो. व्यायामात तिन्ही असतात. स्नायू बळकट होतो तो मेहनतीच्या वेळी नव्हे, मेहनतीनंतरच्या विश्रांतीत आणि झोपेत, असे आता शास्त्र सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले की, प्रौढ माणसाने आठवड्यात निदान १५० मिनिटे बऱ्यापैकी दमवणारी हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना जोर देणारा व्यायाम करावा. रोजचा हिशेब केला तर पंचवीस मिनिटेही नाही. पासष्टीपुढच्यांनी तोल सांभाळण्याचाही सराव ठेवावा. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू ओसरू लागतात. म्हणून हे सल्ले तरुणांपेक्षा आपल्यालाच जास्त लागू.

मुलींच्या बाबतीत दिवस पालटले, हेही आनंदाने लिहिते. ज्या हेलसिंकीत खाशाबा लढले, तिथेच वांद्र्याच्या मेरी डिसूझा धावल्या. स्वतंत्र भारताच्या स्त्रिया प्रथम ऑलिंपिकला गेल्या त्या त्याच वर्षी. नाशिकच्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत पदक मिळवले. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावून दहाव्या आल्या. २०२४ साली कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसला नेमबाजीत कांस्य मिळवले. नेमबाजाला श्वासावर केवढा ताबा लागतो! आजच्या खेळाडूंच्या दिमतीला मालीश करणारे, आहार सांगणारे, झोपेचा हिशेब ठेवणारे असतात. तालमीतला वस्ताद हेच करीत होता. खेळाडूचा विसावा राखणारे कोणीतरी असते, हे महत्त्वाचे.

आपल्या वर्गात पहिल्या दिवशी एकोणीस जणी आल्या होत्या. आज नियमाने येणाऱ्या सात आहेत. ज्या सुटल्या त्यांना आळशी म्हणू नये. कुणाच्या घरी सहाला चहा लागतो, कुणाच्या घरी "आता या वयात हे काय थेर?" असे होते. माझ्याही घरी पहिल्या आठवड्यात सासूबाई बोलल्या. मी उलट बोलले नाही. एक दिवस त्यांना म्हटले, "आई, नुसत्या बसायला तरी चला." आल्या. खुर्चीवर बसून श्वास सावकाश सोडायला शिकल्या. आता पहाटे त्याच मला हाक मारतात आणि परत आल्यावर म्हणतात, "जरा टेक. चहा होतोय." हेलसिंकीत खाशाबांच्या बाजूने बोलायला कोणी नव्हते. माझ्या बाजूने माझ्या सासूबाई उभ्या राहिल्या. जिने मी आता न थांबता चढते, पण त्याहून मला या गोष्टीचा आनंद अधिक आहे.

तेव्हा वर्धापनदिनी एवढेच मागणे. श्वास नाकाने घ्यावा आणि सावकाश सोडावा. मेहनत निम्म्या शक्तीने, पण रोज करावी. आणि मेहनतीनंतरचा अर्धा तास एकमेकींना मिळवून द्यावा. सुनेला सासूने, सासूला सुनेने, शेजारणीला शेजारणीने. मुलीची शाळा संपली तरी तिचा खेळ संपू देऊ नये. मंडळ म्हणजे तरी दुसरे काय? आपल्या बाजूने बोलणारे माणूस हजर असणे, हेच मंडळ.

वर्ग सकाळी साडेपाचला असतो. सतरंजी घरची आणावी. चुकले माकले असेल तर लहान बहीण समजून क्षमा करावी.